घरच्या स्पीकरचे रेकॉर्डिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी बनवलेल्या स्पीकरचे रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्यक्षात पाच गोष्टी एकत्र ऐकू येतात: स्पीकर, तो ज्या जागेत वाजतो ती जागा, समोरचा माइक, माइकमागची यंत्रणा आणि ऐकणाऱ्याच्या कानातला इअरफोन. लांब बसलेल्या जाणकाराला यातून एकट्या स्पीकरची पारख करायची असते. त्यासाठी बाकी चौघांचा वाटा शक्य तितका कमी करावा लागतो, नाहीतर तुलनेच्या दोन्ही बाजूंना तो अगदी सारखा ठेवावा लागतो.

कर्जत–मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्यासारख्या गावात हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. लग्नसराई, गणपती, नवरात्र यांसाठी लागणारे बॉक्स जवळचा सुतार प्लायमध्ये बनवून देऊ शकतो. खालच्या सुरांचा वूफर, वरच्या सुरांचा ट्वीटर आणि दोघांत सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर यांसाठी कर्जतहून लोकल पकडायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. पण तयार झालेला बॉक्स तसाच मुंबईला नेऊन कोणाला ऐकवणे सोपे नाही. 15 इंची वूफरचा 18 मिलिमीटर प्लायचा बॉक्स उचलायला दोन माणसे लागतात. म्हणून रेकॉर्डिंग पाठवले जाते आणि गैरसमजांची सुरुवात तिथेच होते.

‘मोबाइलमध्ये आला तोच खरा आवाज’

मोबाइलचा माइक माणसाचे बोलणे टिपण्यासाठी बसवलेला असतो. आवाज वाढला की फोन स्वतःहून पातळी खाली आणतो आणि आवाज कमी झाला की वर नेतो. पंख्यासारखा एकसुरी आवाज गोंगाट समजून तो गाळतो. वाऱ्याची घरघर टाळण्यासाठी बऱ्याचदा खालचे सूरही कापतो. फोनवर बोलताना हे सगळे उपयोगाचे असते, पण स्पीकरची परीक्षा घेताना त्यातले प्रत्येक काम निकाल बिघडवते. डग्ग्याची थाप पडताच फोन पातळी खाली ओढतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, बॉक्सला दणका नाही.

फोन असे करतो का, हे तपासणे अवघड नाही. गाण्याचा एकच तुकडा आधी हळू आणि मग बराच मोठ्याने वाजवून दोन्ही वेळा रेकॉर्ड करावा. दोन्ही फाइली जवळजवळ सारख्याच मोठ्या ऐकू आल्या, तर फोन पातळीशी खेळतो आहे. अँड्रॉइड 7 पासून रेकॉर्डिंगच्या अॅपला प्रक्रिया न केलेला आवाज मागण्याची सोय आहे, मात्र प्रत्येक फोन तो देतोच असे नाही.

‘आवाज फाटतो’ ही तक्रारही बरेचदा स्पीकरवर नाहक ढकलली जाते. फोनमधले चिमुकले माइक साधारण 120 ते 130 डेसिबलच्या पुढे स्वतःच फाटतात. मोठ्या बॉक्सच्या तोंडाशी फोन धरला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. फोन मागे नेल्यावर आणि आवाज उतरवल्यावर फाटणे थांबले, तर निदान तेवढ्या पातळीला स्पीकर निर्दोष आहे.

ऐकणाऱ्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. फोनच्या स्पीकरमधून 40–50 हर्ट्झचा बेस जवळजवळ बाहेरच पडत नाही. त्यावर ऐकून ‘बेस कमी आहे’ असा शेरा मारणाऱ्याने आपल्याच फोनची परीक्षा केलेली असते. अशा फाइली चांगल्या हेडफोनवरच ऐकाव्यात.

‘खोली शांत असली की पुरे’

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठी ढवळाढवळ खोली करते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आवाजाचा वेग 20 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने या वेगाला भागले की त्या भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा सूर मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांच्या बाजूला तो सुमारे 47 हर्ट्झ आणि दहा फुटांच्या बाजूला सुमारे 56 हर्ट्झ येतो. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर 56 हर्ट्झ दोन दिशांनी घुमतो. त्या खोलीत कोणताही बॉक्स ठेवला तरी रेकॉर्डिंगमध्ये याच सुरांचा फुगवटा येतो किंवा खड्डा पडतो. माइक दोन फूट सरकवला तरी बेस बदलतो, आणि त्यात वूफरचा काहीच दोष नसतो.

खोलीत प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला हे इतके टोचत नाही. दोन कान आणि मेंदू मिळून थेट येणारा आवाज आणि भिंतीवरून परतणारा आवाज यांत बऱ्यापैकी भेद करतात. एकट्या माइकला ते जमत नाही. म्हणून समोर चांगला वाटलेला स्पीकर फाइलमध्ये डब्यात वाजल्यासारखा येतो.

यावर भिंतीला गोधड्या, गाद्या किंवा अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला दिला जातो. गोधडी वरच्या सुरांची चकाकी थोडी कमी करते. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र जवळजवळ 7 मीटर असते. तिच्यापुढे दोन बोटे जाडीची गोधडी किंवा पुठ्ठ्याचा ट्रे काहीच करू शकत नाही. अंड्यांचे ट्रे तर वेळ वाया घालवतात आणि आगीचा धोका वाढवतात.

खरा उपाय घराबाहेर आहे, आणि त्या बाबतीत कशेळ्याचा माणूस मुंबईकरापेक्षा कितीतरी सुदैवी आहे. भातकापणी झाली की खाचरे मोकळी होतात, आणि चोपून कडक केलेले खळे किंवा शाळेचे पटांगण हाताशी असते. बॉक्स जमिनीवर ठेवून तो किंचित माइककडे कलवावा, दोन मीटरवर माइक थेट जमिनीवर आडवा ठेवावा, आणि माती भुसभुशीत असेल तर त्याखाली प्लायचा सपाट तुकडा सरकवावा. जमिनीवरून परतणारा आवाज आणि थेट आवाज तिथे एकाच वेळी पोचतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोडण्याचा प्रश्न उरत नाही. पातळी तेवढी 6 डेसिबलने वाढते, ती हिशेबातून वजा करायची. भिंती, झाडे आणि गाड्या जितक्या लांब तितके बरे. हिवाळ्यातली वारा पडलेली सकाळ यासाठी उत्तम. पावसाळ्यात बेडूक आणि पागोळ्या माइकला स्वस्थ बसू देत नाहीत.

मोकळ्यावर मोजायचे म्हणजे गाव हादरवायचे, असे मुळीच नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 90 डेसिबल असलेला आवाज 64 मीटरवर 54 पर्यंत येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. काही सेकंदांची चाचणी दिवसा आणि बेताच्या आवाजात सहज उरकते.

‘महाग माइक घेतला की प्रश्न मिटला’

किंमत किती यापेक्षा माइकची जात कोणती, हे पाहावे. भजनात किंवा ऑर्केस्ट्रात हातात धरतात तो माइक गळ्यासाठी घडवलेला असतो. तोंडाजवळ तो बेस फुगवतो, आणि शब्द स्पष्ट यावेत म्हणून वरचे काही सूर मुद्दाम उचलतो. मोजणीसाठी सर्व दिशांनी सारखे ऐकणारा लहान पडद्याचा कंडेन्सर माइक लागतो. अशा काही माइकसोबत त्या विशिष्ट नगाच्या चुकांची दुरुस्ती-फाइल मिळते. साधा मोजणी-माइक गायकाच्या महागड्या माइकपेक्षा इथे जास्त प्रामाणिक ठरतो.

‘मोठ्याने वाजवले की ताकद दिसते’

रेकॉर्डिंगमधून आवाजाचा मोठेपणा पोचतच नाही, कारण ऐकणाऱ्याच्या हातात स्वतःचे बटण असते. यूट्यूबही फार मोठ्या आवाजाची फाइल एका ठरलेल्या पातळीपर्यंत खाली आणते. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर काच थरथरवणारा बॉक्स आणि शांतपणे वाजणारा बॉक्स शेवटी जवळपास सारख्याच मोठेपणाने ऐकू येतात. पेटीवर छापलेल्या हजारो ‘पीएमपीओ’ वॉटचीही हीच गत आहे. वॉट दुप्पट केले तर पातळी फक्त 3 डेसिबल वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॉट लागतात.

इथे आणखी एक फसगत होते. कान मोठ्या आवाजाकडे झुकतो. आवाज वाढला की बेस प्रमाणाबाहेर भरदार वाटू लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवले होते. दोन स्पीकरांच्या फाइलींत एका डेसिबलचा फरक राहिला तरी मोठी वाजणारी फाइल ‘जास्त चांगली’ ठरते. तुलनेसाठी पाठवायच्या फाइलींची पातळी ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आधी काटेकोर सारखी करून घ्यावी.

‘कानाला कोण फसवणार?’

डोळे फसवतात. 1915 पासून पुढे सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर कार्यक्रम केले. मंचावर गायिका आणि तिची तबकडी आळीपाळीने ऐकवली जाई, आणि फरक कळत नाही असे श्रोते सांगत. आजच्या कानांना त्या तबकड्यांचा आवाज किती अपुरा होता हे लगेच जाणवते. या कार्यक्रमांत गाणाऱ्या अॅना केस यांनी पुढे सांगितले की, त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असत. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एकाच श्रोत्यांकडून तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून तपासून घेतले. स्पीकर दिसताच गुण बदलले.

म्हणून गुळगुळीत लॅमिनेट, निळे दिवे आणि कंपनीचे नाव दाखवणारा व्हिडिओ पारखीला मारक ठरतो. फाइलींना नुसते ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हणावे. मूळ गाणेही संदर्भासाठी सोबत द्यावे, आणि एखादी फाइल वेगळ्या अक्षराखाली पुन्हा ठेवावी. जो श्रोता त्या एकाच फाइलीला दोन वेगळे शेरे देतो, त्याच्या बाकीच्या शेऱ्यांना किती वजन द्यायचे ते आपोआप ठरते.

‘पाठवताना सगळे बिघडते’

व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजबाबत हे खरे आहे, कारण तो बोलण्यासाठी आवळलेला असतो. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. चांगल्या दर्जाच्या एएसी फाइलीत होणारे नुकसान खोलीने केलेल्या नुकसानीपुढे नगण्य असते.

‘दणकेबाज गाण्यावरच परीक्षा होते’

डीजेच्या मिक्समध्ये बेस आधीच ठासून भरलेला असतो, त्यात बॉक्सचे दोष झाकले जातात. पुरुषाचे साधे बोलणे त्याहून कितीतरी कठोर परीक्षक आहे. बॉक्सच्या फळ्या घुमत असतील तर बोलणारा पिंपात तोंड घालून बोलतो आहे असे वाटते. ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचले की ट्वीटर किंवा क्रॉसओव्हर तपासायला हवा. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ आणि डग्ग्याची मींड यांतून वरची तीक्ष्णता आणि खालचा ताबा दोन्ही कळतात. पावसाच्या सरीसारखा वाजणारा पिंक नॉइज रंजक नाही, पण एखादा सूर चढला असेल तर तो चटकन उघडा पाडतो. शिवाय त्यावर कोणाचा हक्क नसतो. चित्रपटगीत वाजवले तर हक्काच्या दाव्यामुळे व्हिडिओ अडू शकतो.

‘आलेख सपाट, म्हणजे काम फत्ते’

रूम ईक्यू विझार्ड या मोफत प्रोग्रॅमने घरबसल्या आलेख काढता येतो. तो खालून वर चढत जाणारा सूर वाजवतो आणि माइकने ऐकलेल्यातून स्पीकरचा प्रतिसाद वेगळा काढतो. पण आलेखाची रेघ किती गुळगुळीत केली आहे आणि उभा अक्ष किती ताणला आहे, यावर स्पीकर साधू दिसतो की चोर, हे ठरते. स्पीकर आणि माइक दीड मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून एक मीटरवर असतील, तर जमिनीवरचा पडसाद सुमारे 6.3 मिलिसेकंद उशिरा येतो. तो कापून टाकला तर साधारण 160 हर्ट्झच्या खालचा भाग विश्वासार्ह राहत नाही. त्या भागासाठी माइक वूफरच्या पडद्याला जवळजवळ टेकवून वेगळी मोजणी करावी लागते. ही रीत कील यांनी 1974 मध्ये मांडली. शिवाय समोरून सपाट असलेला स्पीकर बाजूने ओबडधोबड असू शकतो. खोलीतल्या माणसापर्यंत बाजूने निघालेला आवाजही भिंतींवरून पोचतो, तेव्हा 30 आणि 60 अंशांवरचे आलेख जोडल्याशिवाय समोरचा आलेख अपुरा आहे.

‘रेकॉर्डिंगवरून काहीच कळत नाही’

हा सर्वांत नुकसान करणारा गैरसमज आहे, कारण तो शिकण्याची वाटच बंद करतो. घासणारी कॉइल, सैल स्क्रूची खरखर, सांध्यातून निघणारी हवेची शिट्टी, पोर्टची फुसफुस हे दोष हळू चढत जाणाऱ्या सुरात साध्या माइकवरही ओळखू येतात. ट्वीटरच्या तारा उलट जोडल्या असतील तर क्रॉसओव्हरच्या जागी आलेखात खड्डा दिसू शकतो. रेकॉर्डिंगचा सर्वोत्तम उपयोग आधी आणि नंतरच्या तुलनेत आहे. बॉक्स, माइक आणि आवाजाचे बटण जागचे न हलवता क्रॉसओव्हरमधला एक कपॅसिटर बदलला, तर दोन फाइलींत उरणारा फरक त्या कपॅसिटरचाच असतो.

पाठवणाऱ्याने फाइलसोबत वूफर-ट्वीटरची नावे, बॉक्सची मापे, क्रॉसओव्हरचा नकाशा, माइक कोणता, तो किती अंतरावर आणि किती उंचीवर होता आणि जागा कशी होती, एवढे अवश्य लिहावे. ऐकणाऱ्याने शेरा देताना आपला हेडफोन सांगावा. मांडवात बॉक्स किती लांबवर पोचेल, चार तास सलग वाजल्यावर वूफर टिकेल का, आणि जोडीने वाजताना आवाज कसा पसरेल, हे कोणत्याही फाइलीत येत नाही. ते प्रत्यक्ष समोर उभे राहूनच ऐकावे लागते.