नाक्यावरची मुदत

सायकल आपल्याला नवी नाही. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले या सर्वांची कामे तिने वर्षानुवर्षे केली. पण सायकलीवर बसून दोनशे-चारशे किलोमीटर जायचे, आणि तेही घड्याळ लावून, हा प्रकार मात्र आपल्याकडे अलीकडेच रुजला. त्याला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ प्रमाणपत्र. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने 1921 साली या पद्धतीच्या सफरी सुरू केल्या, आणि जगभरच्या ब्रेव्ह्यांना मान्यता आजही तीच संस्था देते.

ही शर्यत नव्हे. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीत पोचला तो उत्तीर्ण. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर. हात्तिच्या, एवढेच! असे कोणालाही वाटेल. आपल्या गावचा पोरगासुद्धा याहून जोरात जातो. पण मुदत केवळ शेवटाला नसते, वाटेतल्या प्रत्येक तपासणी-नाक्यावर असते. आणि पाय थांबले तरी घड्याळ थांबत नाही.

समजा, नागपूरहून निघालेल्या ब्रेव्ह्याचा एक नाका आपल्या पवनारला, धाम नदीच्या पुलापाशी आहे. हिशेबाच्या सोयीसाठी अंतर 70 किलोमीटर धरू. ताशी 15 ने 4 तास 40 मिनिटे होतात. म्हणून सकाळी 6 ला निघालेल्या गड्याने 10 वाजून 40 मिनिटांच्या आत कार्डावर शिक्का घेतला पाहिजे. नाका उघडण्याचीही वेळ ठरलेली असते. ती ताशी 34 च्या हिशेबाने, म्हणजे 8 वाजून 4 मिनिटांनी. त्याआधी पोचलेल्याने मुकाट्याने वाट पाहावी!

आता खरी मेख. पहिले 35 किलोमीटर गडी ताशी 20 ने गेला. पुढे उलटा वारा लागला, उरलेले 35 ताशी 10 ने कापले. सरासरी किती? वर्गात विचारले की बहुतेक मुले ‘पंधरा’ म्हणून मोकळी होतात. पण पहिल्या टप्प्याला पावणेदोन तास लागले आणि दुसऱ्याला साडेतीन. एकूण सव्वापाच. नाका 35 मिनिटांपूर्वीच बंद झालेला! वेगाने मिळवलेला वेळ थोडा असतो, रेंगाळण्यात जाणारा फार. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे.

मग नाक्यानाक्याला मुदत हवीच कशाला, शेवटची एक पुरे नाही का? माझ्या मते नाही. तीन तास मागे पडलेला माणूस ती तूट रात्री, झोप मोडून, ट्रकांच्या रस्त्यावर भरून काढू पाहील. नाका त्याला वेळेवर सांगतो, बाबा रे, हिशेब चुकतो आहे. शिवाय कोण आला नाही, हेही तेथे बसलेल्यांना कळते.

झोपेचेच पाहा. 600 किलोमीटरला 40 तास. चालता वेग 20 असेल तर 30 तासांत अंतर सरते. जेवण, पंक्चर, झोप यांना 10 तास उरतात. वेग 17 झाला की पाच तासदेखील उरत नाहीत.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे पाच हजार किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली. ही मात्र शर्यतच. मुदत 12 दिवसांची. त्यांना लागले 11 दिवस, 21 तास, 11 मिनिटे. बारा दिवसांत शिल्लक राहिली तीन तासांहूनही कमी! रोज पंधरा मिनिटे जास्त झोपले असते, तर ती सरली असती.

ब्रेव्ह्याचा नियम कडक असला तरी आंधळा नाही. वाटेत अपघात झाला, जखमीच्या मदतीला कोणी थांबला, किंवा रस्ताच बंद निघाला, तर मधल्या नाक्यावरचा उशीर माफ करण्याचा अधिकार संयोजकांना आहे. थकवा, भूक, सायकलीचा बिघाड ही कारणे चालत नाहीत. आणि शेवटच्या नाक्याची मुदत ती मुदतच.