शाळेत धर्म शिकवायचा म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. ज्यांचा डेटा संपला आहे किंवा जे बसमध्ये इअरफोन विसरले आहेत, त्यांच्यासाठी खास.

मागच्या आठवड्यात साकोलीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याची लहान बहीण एका धार्मिक ट्रस्टच्या शाळेत जाते. तिथे रोज गीतेचा एक अध्याय म्हणून घेतात आणि तिचं पाठांतर फर्स्टक्लास आहे. एक दिवस घरी येऊन तिनं विचारलं, "दादा, अर्जुनाला लढायचं नव्हतं, तर त्याचं काय चुकलं?" दादाला उत्तर आलं नाही. त्यानं मला विचारलं, "हे शाळेत शिकवायला पाहिजे का? आणि शिकवायचं तर कसं?"

प्रश्न भारी आहे. आपण तो तीन तुकड्यांत पाहू: कायदा काय म्हणतो, आपल्या परंपरेत हे कसं शिकवत होते, आणि आज वर्गात काय करता येईल.

आधी कायदा, दोन मिनिटांत

राज्यघटनेचं कलम २८ लक्षात ठेवा. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. जी शाळा सरकारमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथे ते देता येतं, पण कोणावर सक्ती करता येत नाही. धार्मिक तासाला किंवा प्रार्थनेला बसवायचं तर संमती लागते, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची.

मग सरकारी शाळेत धर्माचं नावच काढायचं नाही का? तसं नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फरक स्पष्ट केला. एखाद्या धर्माचे विधी आणि श्रद्धा अंगी बाणवणं ही एक गोष्ट, आणि वेगवेगळे धर्म काय सांगतात याची ओळख करून देणं ही वेगळी गोष्ट. दुसरीला घटनेची आडकाठी नाही.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या. म्हणजे 'वेदपाठशाळा' आणि 'ट्रस्टची सीबीएसई शाळा' हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपल्या श्रोत्याची बहीण दुसऱ्या प्रकारच्या शाळेत आहे, तिथे गणित-विज्ञानासोबत धर्म येतो. अडचणीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

वाईची पाठशाळा

आता परंपरा. साताऱ्याजवळ वाईला प्राज्ञपाठशाळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती नावारूपाला आणली. तिथे पाठांतर होतंच, पण खरा भर शास्त्रावर होता: न्याय, मीमांसा, वेदान्त.

१९१७ साली विनोबा भावे साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन तिथे गेले. उपनिषदं, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं, पतंजलीचं योगदर्शन असा अभ्यास केला. पण गंमत पुढे आहे. त्यांनी तिथे विद्यार्थी मंडळ काढलं आणि वाचनालयासाठी पैसे हवेत म्हणून मुलांनी जात्यावर दळणं दळली. तेव्हा जातं म्हणजे बाईचं काम. शास्त्र शिकणाऱ्या मुलांनी जात्याला हात लावणं हाच नीतीचा धडा होता, त्याला वेगळं पुस्तक लागलं नाही.

याच पाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. तर्कतीर्थ झाले. पुढे अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राच्याच आधारानं गांधीजींच्या बाजूनं उभे राहिले, आणि नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. 'हिंदुधर्माची समीक्षा' हे त्यांचं पुस्तक. विचार करा, पारंपरिक पाठशाळेतून धर्माची चिकित्सा करणारा माणूस बाहेर पडला. हे कसं घडलं?

उत्तर: पूर्वपक्ष

माझ्या मते याचं मोठं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. मीमांसेत एखादा मुद्दा पाच पायऱ्यांनी मांडतात. आधी विषय. मग संशय. मग पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. मग उत्तरपक्ष. शेवटी संगती, म्हणजे हे बाकीच्या मांडणीत कुठे बसतं ते.

यातली तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. समोरच्याचं म्हणणं तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे. लंगडा पूर्वपक्ष उभा करून पाडला, तर तो विजय नव्हे.

न्यायशास्त्रात चर्चेचेही तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायला केलेली चर्चा म्हणजे वाद. फक्त जिंकायला केलेली ती जल्प. आणि स्वतःची काही बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडून काढणं ही वितंडा. आपल्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी यातलं काय चालतं, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या भंडाऱ्याचा धागा

तुम्ही म्हणाल, हे सगळं वाईचं झालं, आपल्याकडचं काय? तेराव्या शतकात चक्रधरस्वामी याच विदर्भात फिरले. त्यांच्या सुरुवातीच्या शिष्यांत एक नाव येतं, नीळभट्ट भांडारेकार. म्हणजे आपल्या भंडाऱ्याचे.

चक्रधरांची शिकवण मराठीत होती आणि तिच्यात दृष्टान्त फार होते. केशिराजांनी ते 'दृष्टान्तपाठा'त गोळा केले, एकूण ११४. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल, ती त्यातही आहे. आणि त्यांच्यासमोर बसून प्रश्नावर प्रश्न विचारणारी शिष्या होती महदाइसा. तिला कोणी गप्प केलं नाही. तिच्या जिज्ञासेचं कौतुकच झालं.

अर्थात सगळं चित्र गोड नाही. कोणी शिकायचं हा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतकं होता. वेदांचं शिक्षण जातीनं अडवलं होतं. म्हणून तर राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापुरात ब्राह्मणेतर मुलांना पौरोहित्य शिकवणारं वैदिक विद्यालय काढलं. त्याआधी १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली होती. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन असं शिक्षण तिथे सुरू झालं. त्यामुळे कुठलीही धर्मशाळा बघताना हा प्रश्न विचाराच: इथे दार कोणाला उघडं आहे?

मग वर्गात करायचं काय?

एक उदाहरण घेऊ. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. कायम खरंच बोलायचं, असं त्याचं व्रत. एकदा काही माणसं दरोडेखोरांना भिऊन त्याच्यासमोरून रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं, कुठे गेले? यानं खरं सांगितलं. माणसं मारली गेली, आणि कौशिकाला नरक मिळाला. ही गोष्ट खुद्द कृष्ण अर्जुनाला सांगतो.

ही गोष्ट दोन प्रकारे शिकवता येते. पहिला प्रकार: "तात्पर्य लिहा, पाच मार्क." दुसरा प्रकार: वर्गाचे दोन भाग करा. एकानं कौशिकाची बाजू घ्यायची, दुसऱ्यानं विरोधी. दहा मिनिटांनी बाजू बदलायची. कोणी म्हणेल, त्यानं गप्प बसायला हवं होतं. कोणी म्हणेल, परिणामावर सत्य मोजायला लागलो तर प्रत्येक जण सोयीनं खोटं बोलेल. जर्मन तत्त्वज्ञ कांट अगदी याच कोड्यावर उलट बाजूनं बोलला होता: खुन्यानं विचारलं तरी खोटं बोलू नये. म्हणजे भंडाऱ्याची सातवीतली मुलगी थेट कांटशी भांडू शकते. मला तरी हे जबरदस्त वाटतं.

पाठांतर वाईट नाही, हेही सांगतो. तोंडपाठ असलेला श्लोक वीस वर्षांनी एखाद्या अवघड दिवशी अचानक उघडतो. पण त्यासाठी आधी कोणीतरी अर्थ सांगायला आणि शंका ऐकून घ्यायला हवं.

तर साकोलीच्या मित्रा, तुझ्या बहिणीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. अर्जुनाचं काय चुकलं, हे तिला लगेच सांगू नकोस. आधी तिला अर्जुनाची बाजू पूर्ण मांडू दे. गीतेचा पहिला अध्याय त्याच्याच शंकांनी भरलेला आहे. सातशे श्लोकांचं ते पुस्तक सुरूच एका नकारानं होतं. मग कृष्णाची बाजू वाचा, दोघं मिळून. तिला पटलं नाही तर तेही चालेल.

आणि पालकसभेला जाशील तेव्हा बाईंना किंवा सरांना नम्रपणे तीन गोष्टी विचार. अर्थ शिकवता का? मुलांनी उलट प्रश्न विचारला तर काय करता? दुसऱ्या धर्माचं मूल किंवा न मानणारं मूल असेल, तर त्या तासाला ते कुठे बसतं? उत्तरं नीट मिळाली तर शाळा चांगली आहे असं समज.

तुमच्या शाळेत हे कसं शिकवायचे? व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत. भेटू पुढच्या भागात.