प्रतिकृति आणि प्रत्यक्ष

जग एवढें विस्तीर्ण आहे कीं, तें जसेंच्या तसें मनुष्याच्या बुद्धींत मावत नाहीं. म्हणून ती त्याच्या लहान लहान प्रतिकृति करून घेते. गांवाचा नकाशा ही गांवाची प्रतिकृति, आणि गृहिणीनें महिन्याच्या आरंभीं मांडलेलें खर्चाचें अंदाजपत्रक ही येणाऱ्या महिन्याची. इंग्रजींत जिला 'मॉडेल' म्हणतात ती हीच. तिच्यावांचून आपला व्यवहार घटकाभरहि चालणार नाहीं. परंतु ती केवळ प्रतिकृति आहे याचा विसर पडला कीं, तीच आपल्याला खड्ड्यांत नेते. प्रतिकृति आणि प्रत्यक्ष यांतील अंतर कसें ओळखावें, हा प्रश्न एकट्या पंडितांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे. म्हणून त्याचा विचार आम्हीं आज येथें योजिला आहे.

या विषयावर अधिकारानें बोलणारे एक गृहस्थ म्हणजे प्रोफेसर इमॅन्युएल डर्मन. त्यांचा जन्म १९४५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट त्यांनीं १९७३ सालीं मिळविली. पुढें १९८५ च्या अखेरीस ते गोल्डमन सॅक्स या पेढींत गेले, आणि तेथें फिशर ब्लॅक व बिल टॉय यांच्यासह व्याजदरांच्या चढउतारांची एक गणिती प्रतिकृति त्यांनीं सिद्ध केली. नंतर ते कोलंबियांतच अर्थव्यवहाराच्या गणिताचे अध्यापक झाले. निसर्ग आणि बाजार या दोहोंनाहि गणितानें मोजूं पाहणाऱ्या या विद्वानानें २०११ सालीं एक ग्रंथ लिहून आपल्याच धंद्याच्या चुकांवर बोट ठेविलें.

त्यांच्या विवेचनाचें सार असें कीं, सिद्धांत निराळा आणि प्रतिकृति निराळी. वस्तु काय आहे हें सिद्धांत सांगतो; वस्तु कशासारखी आहे एवढेंच प्रतिकृति सांगते. आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रतिकृति ही उपमा आहे. मुख चंद्रासारखें म्हटलें म्हणून त्याच्या प्रकाशांत कोणी पोथी वाचावयास बसत नाहीं! उपमेंत साम्य असतें तसा भेदहि असतो. तो भेद विसरला कीं उपमेचा भ्रांतिमान् होतो.

सिद्धांताचें बळ केवढें असतें पहा. युरेनस ग्रह गणिताप्रमाणें चालेना, तेव्हां फ्रान्सच्या लव्हेरिए यानें न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावरून एका अज्ञात ग्रहाचें स्थान वर्तविलें. १८४६ च्या सप्टेंबरांत बर्लिनच्या वेधशाळेंतून पाहतांच त्या स्थानापासून एका अंशाच्या आंत नेपच्यून सांपडला. पुढें बुधाच्या गतींतील लहानशा फरकासाठींहि त्याच ज्योतिर्विदानें एक नवा ग्रह कल्पिला. पण तो कधींच सांपडला नाहीं, आणि त्या फरकाचा उलगडा १९१५ सालीं आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतानें झाला. सिद्धांतालाहि जर सीमा असते, तर प्रतिकृतीची कथा काय?

आतां बाजाराकडे वळूं. वर उल्लेखिलेले फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनीं, आणि त्यांच्याच सुमारास रॉबर्ट मर्टन यांनीं, १९७३ सालीं एक सूत्र प्रसिद्ध केलें. ठराविक भावानें शेअर घेण्याच्या वा विकण्याच्या हक्काची किंमत त्यावरून काढतां येते. शेअरच्या भावाची चंचलता सदा एकाच मापाची राहते, आणि भाव एकाएकीं उडी मारीत नाहीं, असें त्यांत गृहीत धरिलें होतें. १९८७ च्या १९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कचा डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसांत शेंकडा २२.६ नीं कोसळला. मोठ्या घसरणीविरुद्ध विम्यासारखे उपयोगी पडणारे जे हक्क, त्यांस बाजार तेव्हांपासून सूत्राहून अधिक किंमत देऊं लागला. शोल्स व मर्टन यांस १९९७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि ज्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नांवाच्या निधींत ते भागीदार होते, तो पुढच्याच वर्षीं, रशियाचें कर्ज थकल्यानंतर, सुमारें ४६० कोटि डॉलर गमावून बसला. चौदा पेढ्यांनीं सुमारें ३६० कोटि डॉलर घालून त्याला सांवरलें.

या मंडळींस बुद्धीची वाण होती काय? मुळींच नाहीं. परंतु आपलें गणित कोणीं मांडलें आहे हें ग्रहाला कळत नाहीं. मनुष्याला तें कळतें. सर्वांनींच एक ठोकताळा हातीं धरिला कीं संकटकाळीं सर्व एकाच दारानें बाहेर पडूं पाहतात, आणि दारच चोंदून जातें.

जेथें मनुष्यस्वभावाचा संबंध नाहीं, तेथेंहि सावधगिरी हवीच. महाराष्ट्राचे शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखालीं सोळा घटकांवरून मोसमी पावसाचें भाकीत करण्याची पद्धति १९८८ सालीं सुरू झाली. अनेक वर्षें तिचें भाकीत ढोबळ मानानें जमलें. २००२ सालीं मात्र सरासरीएवढ्या पावसाचें भाकीत असतां प्रत्यक्षांत तो शेंकडा १९ नीं कमी पडला. हवामानखात्यानें हट्ट न धरितां पुढच्याच वर्षीं पद्धति बदलली. प्रतिकृतीशीं कसें वागावें, याचा हा चांगला धडा आहे.

आतां आपल्या माजघरांत येऊं. मुलांच्या शिक्षणासाठीं वा उतारवयासाठीं म्युच्युअल फंडांत दरमहा १०,००० रुपये वीस वर्षें टाकले तर किती होतील, हें मोबाइल क्षणांत सांगतो. दरसाल शेंकडा १२ परतावा धरिला तर जवळजवळ १ कोटि. शेंकडा ८ धरिला तर सुमारें ५९ लाख. पदरचे २४ लाख तेच. चाळीस लाखांचा फरक केवळ एका गृहीत आंकड्याचा! पहिल्या आंकड्याच्या भरंवशावर घराचें कर्ज निघतें, मुलीचें परदेशचें शिक्षण ठरतें. पण तो आंकडा कोणीं व कां धरिला, हें विचारावयाचें राहून जातें.

याहून नाजूक गोष्ट मुलांची. परीक्षेचे गुण ही मुलाच्या बुद्धीची प्रतिकृति, तीहि तीन तासांच्या लेखनावरून काढलेली. एकत्र कुटुंबांत चुलत भावंडांची तुलना बहुधा तिच्यावरूनच होते. ज्याला गुण कमी पडले, तो आजारी आजोबांची शुश्रूषा किती मायेनें करतो, हें गुणपत्रिकेंत कोठें लिहिलेलें असतें? एकदां 'ढ' हा शिक्का बसला कीं मूल स्वतःच त्या शिक्क्याबरहुकूम वागूं लागतें. ग्रहाला न कळणारें गणित मुलाला फार लवकर कळतें.

मग प्रतिकृति टाकूनच द्याव्या काय? तसें डर्मन यांचेंहि म्हणणें नाहीं. जागतिक आर्थिक अरिष्टानंतर, २००९ च्या जानेवारींत, पॉल विल्मॉट यांच्यासह त्यांनीं एक जाहीरनामा काढला, आणि वैद्यांच्या हिपॉक्रेटीसच्या शपथेच्या धर्तीवर गणिती प्रतिकृति रचणाऱ्यांसाठींहि एक शपथ सुचविली. आपण काय गृहीत धरिलें आणि काय सुटलें तें स्पष्ट सांगावें, अचूकपणाविषयीं खोटा दिलासा देऊं नये, हा तिचा मथितार्थ. ही शपथ घरांतहि चालावी असें आम्हांस वाटतें. बचतीचा हिशेब करतांना कागदाच्या माथ्यावर 'इतकें गृहीत धरिलें आहे' अशी एक ओळ लिहावी, आणि तितकें न मिळाल्यास काय करावयाचें तेंहि खालीं नोंदावें. गुणपत्रिका हातीं आली म्हणजे तिच्यांत काय लिहिलेलें नाहीं, हें आईबापांनीं आधीं आठवावें. नकाशा जवळ अवश्य बाळगावा. पण चालतांना डोळे वाटेवर असावेत.