फुलवेलींचा बहर : पाणी आणि छाटणी यांचा विचार

महाविद्यालयांच्या प्रांगणात कमानीवर अथवा कुंपणावर फुलवेली हौसेने लावल्या जातात, त्यांना खतपाणीही नियमित मिळते. तथापि वेल हिरवीगार आणि फुलांचा मात्र पत्ता नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्यामागे बहुधा रोग वा कीड नसून अनाठायी निगा हेच कारण असते. प्रस्तुत लेखात बोगनवेल आणि मधुमालती या दोन वेलींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या ज्या रंगीत, कागदी भागास आपण फूल म्हणतो, ती वस्तुतः छदे, म्हणजे रूपांतरित पाने होत. खरी फुले त्यांच्या आत, लहान व नळीसारखी असतात. पावसाळा संपून दिवस लहान होऊ लागले आणि जमीन सुकू लागली, की या वेलीचा बहर सुरू होतो. अशा वेळी रोज पाणी व भरपूर नत्र दिल्यास ती पाने आणि लांबलचक धुमारेच वाढविते. मातीचा वरचा थर कोरडा झाल्याखेरीज तिला पाणी देऊ नये. शिवाय फुले नव्या फुटीच्या शेंड्याकडे येतात. स्नेहसंमेलनापूर्वी परिसर नीटनेटका करण्याच्या उत्साहात नेमकी डिसेंबरात कात्री चालते आणि ऐन बहर कचऱ्यात जातो! मोठी छाटणी उन्हाळ्याअखेर, पावसापूर्वी करणे इष्ट. या वेलीस तणावे नसतात. काट्यांच्या साहाय्याने ती आधारावर केवळ रेलते, म्हणून फांद्या बांधून घ्याव्या लागतात.

मधुमालतीची प्रकृती निराळी. (संस्कृत काव्यातील माधवीलता म्हणजे हळदवेल, ती ही नव्हे.) लिनीयसने १७६२ मध्ये तिला 'क्विस्क्वॅलिस इंडिका' असे नाव दिले, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोण? कसा?' असा होतो. आता तिचा समावेश 'कॉम्ब्रेटम' प्रजातीत होतो, परंतु रोपवाटिकांत जुनेच नाव चालते. तिचे फूल सायंकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी व अखेरीस लाल होते. पांढऱ्या, सुगंधी, लांब नळीच्या फुलाकडे रात्री पतंग येतात. उन्हाळा व पावसाळा हा तिचा मुख्य बहराचा काळ असल्याने उन्हाळ्यात मुळांशी ओलावा हवा, आणि छाटणी हिवाळा सरताना करावी. वेल जड होते. तिला लोखंडी कमानच हवी.

एकाच कमानीच्या दोन बाजूंस या दोन्ही वेली लावून एकाच नळीने सारखे पाणी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तेथे निदान आळी तरी स्वतंत्र करावीत आणि छाटणीचे महिने माळ्यास लेखी द्यावेत.