लाखेच्या तबकड्यांचा शौक

जुन्या बाजारात रेकॉर्डींची थप्पी समोर आली की नवखा माणूस आधी लेबल वाचतो. मुरलेला शौकीन तबकडी दोन्ही तळव्यांत कडेनं धरतो आणि उजेडाकडे तिरकी करतो. खाचा काळ्याभोर, चकचकीत दिसल्या तर ती फारशी वाजलेली नाही. राखाडी झाक आली असेल, तर झिजलेल्या पिनांनी तिची वाट लावलेली आहे. मग तो कडेला बोटानं हलकी टिचकी मारतो. मडकं घेताना वाजवून बघावं, तसं. अखंड तबकडी खणखणीत वाजते, बारीक तडा गेलेली बद्द. गायक कोण आणि गाणं कोणतं, हे त्यानंतर.

मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या अजूनही निघतात. कधी वाड्यातलं सामान उपसताना, कधी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन. पुढच्या काळातल्या लाँगप्ले रेकॉर्डसारखी ती वाकत नाही. हातातून निसटली की फरशीवर तुकडेच. कारण ती प्लास्टिकची नाही, लाखेची आहे.

लाखेचा किडा पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर वस्ती करतो आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. झारखंडच्या जंगलपट्ट्यात तिचं उत्पादन मोठं. रांचीजवळच्या नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. रेकॉर्डमध्ये मात्र निव्वळ लाख कधीच नसे. साधारण पाव ते तिसरा हिस्सा लाख, आणि बाकी पाटीच्या किंवा चुनखडीच्या दगडाची भुकटी, कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. हा लगदा तापवून साच्यात दाबला की काही क्षणांत तबकडी तयार. लाख पुन्हा तापवली की पुन्हा मऊ होते, त्यामुळे न खपलेल्या रेकॉर्डी दळून नव्या काढता येत. दुसऱ्या महायुद्धात लाखेची चणचण भासली तेव्हा अमेरिकेत १९४२ साली रेकॉर्डसाठीच्या लाखेवर सरकारनं निर्बंध घातले आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करण्यात आल्या. त्या भट्टीत काय काय गेलं असेल, या विचारानं आजचे संग्राहक हळहळतात.

एमिल बर्लिनरनं ग्रामोफोनचं पेटंट १८८७ मध्ये घेतलं. सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. त्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लाखेचा वापर सुरू झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात यंत्र घेऊन उतरला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. त्या आवाजात थोडी ऐट आहे, पण उपयोग रोकडा होता. मूळ मुद्रणं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची, तिथं तबकड्या छापल्या जायच्या, आणि कोणत्या मुद्रणावर कोणाचं नाव घालायचं हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. म्हणजे भारतातली लाख बोटीनं युरोपात जात होती आणि भारतातलं गाणं होऊन परत येत होती. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहजवळ कारखाना निघाला, पुढे काम डमडमला गेलं, आणि हा फेरा संपला.

दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या थोडी पुढे जाते. बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटं मिळतात. ख्याल गाणाऱ्याला नुसती आलापी करायला अर्धा तास कमी पडायचा. नाट्यगृहात वन्समोअर घेत एकेक पद लांबत जायचं. रेकॉर्डवर मात्र कसलाही पसारा न मांडता तीन मिनिटांत राग उभा करायचा, बंदिश मांडायची, ताना घ्यायच्या आणि समेवर येऊन थांबायचं. काहींना ते जमलं नाही, काहींनी ते मनावरच घेतलं नाही. भास्करबुवा बखल्यांची रेकॉर्ड नाही, अल्लादियाखाँसाहेबांचीही नाही. त्यांचं गाणं कसं होतं, हे शिष्यांच्या गळ्यावरून आणि ऐकलेल्यांच्या आठवणींवरून ताडावं लागतं.

ज्यांना जमलं, त्यांनी त्या कोंडीतून वेगळीच चीज काढली. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या घरोघरी पोचल्या त्या तबकडीवरूनच. गदगच्या मुलखातल्या भीमसेन जोशी नावाच्या पोराला गाण्याचा ध्यास लागला तो खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून, ही हकिगत मराठी घरांत सर्वांना पाठ आहे. कुमार गंधर्वांची गोष्ट याहून थेट आहे. लहानपणी ते बड्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवत आणि त्यावर मैफली गाजवत. त्या वयात त्यांच्यापुढे घराण्यांच्या भिंती नव्हत्या, कारण दुकानातल्या कपाटात किराणा, आग्रा, जयपूर शेजारी-शेजारी उभे होते.

केसरबाई केरकरांची भैरवी हे या आटोपशीरपणाचं सर्वांत दूर गेलेलं उदाहरण. गोव्यातल्या केरीच्या या गायिकेचं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसवलं गेलं. निवड करणाऱ्यांना जगभरच्या संगीताचे छोटे नमुने हवे होते. एखादी लांबलचक मैफल त्यात मावलीच नसती. ७८ च्या चौकटीत घडलेलं गाणं मावलं.

मराठीत तर एक अख्खा गानप्रकार या चौकटीशी जोडला गेला. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गोविंदराव जोशींनी, म्हणजे जी. एन. जोशींनी, गायली आणि तिची रेकॉर्ड तुफान खपली. कविता, चाल आणि आवाज तीन मिनिटांत एकजीव करणारं भावगीत तिथून घराघरांत शिरलं. याच जोशींनी पुढे एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचं काम सांभाळलं आणि कितीतरी कलावंतांना त्या तीन मिनिटांत बसवलं.

आता वाजवण्याचं सुख. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. कळ फिरवून स्प्रिंग भरायची, तबकडीला गती येऊ द्यायची आणि साउंड बॉक्स अलगद पहिल्या खाचेवर ठेवायचा. खाच पिनेला डावी-उजवीकडे हलवते, पिन अभ्रकाच्या पातळ पडद्याला हलवते आणि पडद्याची थरथर कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर पडते. मध्ये ना व्हॉल्व्ह ना ट्रान्झिस्टर. आवाज कमी-जास्त करायला बटण नाही. जाड पिन लावली की मोठा, बारीक लावली की मवाळ. कोणी दारावर गोधडी टाकतो, कोणी कर्ण्यात कापड कोंबतो.

पोलादी पिन एका बाजूला एकदाच वापरायची, हा नियम कंजुषांना नेहमीच खटकला. त्यामागचं कारण तबकडीच्या लगद्यातच आहे. दगडाची भुकटी सुरुवातीच्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धारदार खांदे आलेले असतात. तीच पिन पुढच्या रेकॉर्डवर ठेवली की ते खांदे खाच तासायला लागतात. म्हणून तर दोनशे-दोनशे पिनांच्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या विकल्या जात. त्या डब्या जमवणाऱ्यांचा आता वेगळाच पंथ आहे. ही भुकटीच पार्श्वभूमीच्या खरखरीलाही जबाबदार आहे. कान थोड्या वेळानं तिला सरावतो आणि गाणं वर येतं.

ऐकताना आणखी एक गंमत ध्यानात येते. तबकडीचा वेग तोच असला तरी बाहेरच्या खाचा लांब आणि आतल्या आखूड. दहा इंची रेकॉर्डवर सुरुवातीला पिनेखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर खाच सरकते. लेबलापाशी त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्या आखूड जागेत बारीक कंपनं दाटीनं बसतात आणि आवाज काहीसा चिरकतो. गायकाच्या द्रुत ताना नेमक्या शेवटी, म्हणजे सर्वांत अडचणीच्या जागी येतात. एखादी तान फाटल्यासारखी वाटली तर दोष गळ्याचा की खाचेचा, यावर संग्राहकांच्या बैठका रंगतात.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोनचं तंत्र आलं आणि चित्र पालटलं. त्याआधी गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, खड्या आवाजात गात. पेटी आणि सारंगी ऐकू येते, तबला पुसट, तंबोरा जवळजवळ नाहीच. विजेवरच्या मुद्रणात आवाजाचे हलके पदर उमटू लागले. एकाच गायकाची कर्ण्यासमोरची आणि माईकसमोरची रेकॉर्ड पाठोपाठ लावली, तर दोन वेगळ्या खोल्यांतून कोणी गातंय असं वाटतं.

७८ हा आकडाही पक्का नाही. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरीपासून ऐंशीपर्यंत कोणत्याही वेगानं मुद्रित झालेल्या सापडतात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वरानं चढते आणि काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गायला लागतो. लयही धावते. मग जाणकार मंडळी पेटी घेऊन बसतात. साथीची पेटी कोणत्या पट्टीत असेल, हा गायक एरवी कोणत्या स्वरात गायचा, आवाजाचा पोत कुठे नैसर्गिक वाटतो, असा तर्क लढवत ग्रामोफोनचा वेगाचा खिळा किंचित पुढे-मागे करतात. वेग बरोबर लागला की आवाजाला एकदम वय येतं, अंग येतं. हा क्षण ज्यानं अनुभवला तो या नादातून सहसा सुटत नाही.

जमवण्याचा भाग वाचण्याइतकाच पाहण्याचा आहे. आधीच्या लेबलांवर लेखणीनं तबकडीवर रेघा काढणारा देवदूत, नंतर कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला कुत्रा. ओडियन, कोलंबिया, ब्रॉडकास्ट यांची लेबलं निराळी. १९३५ मध्ये मुंबईत निघालेल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीनं आपल्या लेबलाला ‘यंग इंडिया’ असं नाव दिलं. त्या काळात त्या नावाचा रोख कोणालाही कळण्यासारखा होता. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे नीट वाचले तर मुद्रण कोणत्या दौऱ्यातलं हे उलगडतं. कागदी पाकिटावर गावोगावच्या दुकानांचे पत्ते असतात, लेबलावर कधी मालकाची सही, कधी लग्नात आहेर दिल्याची तारीख. कंपन्या गाण्यांच्या शब्दांसह सूचीपत्रं छापत. ती आता रेकॉर्डींहून दुर्मीळ झाली आहेत.

हे सगळं एकेकट्यानं करायचं काम नाही, म्हणून १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात संग्राहकांनी याद्या आणि लेख प्रसिद्ध केले. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं भारतातल्या सुरुवातीच्या मुद्रणांच्या सूच्या तयार केल्या. आज एखाद्या जुन्या रेकॉर्डचं साल सांगता येतं ते अशा लोकांच्या चिकाटीमुळे.

जुनी म्हणून महाग, हा बाजारातला सर्वांत मोठा गैरसमज. गाजलेल्या सिनेमागीतांच्या तबकड्या भरपूर छापल्या गेल्या, त्यामुळे त्या आजही सहज मिळतात. भाव येतो तो अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेत लाँगप्ले १९४८ मध्ये आली आणि तिकडे ७८ चा जमाना पुढच्या दहा-बारा वर्षांत आटोपला. भारतात मात्र वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन चालूच होते, म्हणून डमडमचे साचेही चालू राहिले. परिणामी साठच्या दशकात बीटल्सची गाणी इथं लाखेच्या तबकड्यांवर निघाली. परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

आता हजारो जुनी मुद्रणं इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. मग तबकडी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण खरखर काढताना चाळणी जास्त बारीक लावली की सारंगीची धार आणि उच्चारांतला ‘स’ही निघून जातो, चुकीच्या वेगानं चढवलेली प्रत शंभर ठिकाणी चुकीच्याच पट्टीत फिरते. ताडून बघायला मूळ तबकडी लागतेच.

ज्यांच्या घरी आजोबांचा ग्रामोफोन पडून आहे, त्यांनी चावी एकदम शेवटपर्यंत पिळू नये. स्प्रिंगेतलं वंगण वाळून घट्ट झालेलं असतं. ते आधी साफ करून घ्यावं. साउंड बॉक्समधली रबरी कडी कडक झाली असेल तर आवाज भुणभुणतो. ती बदलता येते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, मे महिन्यात खिडकीपासून लांब. पुसायला स्पिरिट मुळीच वापरू नये, लाख त्यात विरघळते. मऊ कापड, डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा थेंब पुरतो, लेबल मात्र कोरडं ठेवावं. दुर्मीळ तबकडी वजनदार साउंड बॉक्सखाली घालण्यापेक्षा ७८ चा वेग असलेल्या विजेच्या टर्नटेबलवर, रुंद खाचांसाठीच्या जाड टोकाच्या सुईनं वाजवावी. लाँगप्लेची सुई इथं चालत नाही, ती खाचेच्या तळाशी जाऊन धूळच वाजवते. चावीच्या यंत्राची परीक्षा घ्यायची तर बाजारात स्वस्तात मिळणारी एखादी सिनेमातली रेकॉर्ड आणावी, कोरी पिन लावावी आणि आधी तीच फिरवून बघावी.