दोन संगणक एकमेकांना का सापडत नाहीत?

घरातले दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत, तरी एकातली फाईल दुसऱ्यावर उघडत नाही. अशा वेळी दिसेल ते बटण दाबत बसण्यापेक्षा आपण एकेक शक्यता क्रमाने तपासू.

पहिला प्रश्न पत्त्याचा. राउटर प्रत्येक संगणकाला आकडी पत्ता देतो. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की तो दिसतो. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १६९.२५४ने सुरू होणारा असेल, तर दुसऱ्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही; त्याने तो स्वतःच घेतला आहे. म्हणजे दोष जोडणीत आहे, फोल्डरमध्ये नाही.

पत्ते जुळत असतील, तर नेटवर्क 'खाजगी' म्हणून निवडले आहे का, फोल्डर सामायिक केले आहे का आणि दुसऱ्या वापरकर्त्याला परवानगी आहे का, ते पाहावे.

तरीही विंडोज एक्सपीचा जुना संगणक नव्याला सापडत नसेल, तर अडचण भाषेची असते. फाईलींच्या देवघेवीचे नियम म्हणजे एसएमबी. एक्सपीला त्याची पहिलीच आवृत्ती कळते. विंडोजमधील याच आवृत्तीच्या त्रुटीतून मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला. ऑक्टोबर २०१७पासून नव्याने बसवलेल्या विंडोज १०मध्ये ही आवृत्ती सहसा नसते. ती मुद्दाम सुरू केली तर फाईल मिळेल, पण एका फाईलीसाठी सगळा संगणक धोक्यात येईल. त्यापेक्षा अशी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन, विषाणू तपासूनच उघडावी.

बंद दार दिसले, की ते उघडण्याआधी कोणी व का बंद केले हे विचारायची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू या.