किरणांनी जेल पातळ का होतं?

बेळगावच्या वडगाव-खासबागेत विणकरांना सुताला खळ लावताना आपण पाहिलं असेल, तर ही गोष्ट जड जाणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आत जे पारदर्शक जेल भरतात, तेही एका अर्थी खळच. सेल्युलोजपासून केलेलं हायप्रोमेलोज त्यात साधारण 2 टक्के. बाकी जवळजवळ सगळं पाणी. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून ते दाट.

आता ते निर्जंतुक करायचं. रिकाम्या सिरिंजा, गॉज वगैरे माल बंद खोक्यांतच गॅमा किरणांखाली धरतात. ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प 1974पासून हेच करतो. नेहमीची मात्रा 25 किलोग्रे. एक किलोग्रे म्हणजे किलोभर मालात मुरलेली हजार ज्यूल ऊर्जा. 25 किलोग्रेने पाणी जेमतेम 6 अंश तापेल. पण जेल ठेवलं, तर त्याचं पाणी पाणी होतं.

किरण थेट साखळीवर क्वचितच आदळतात. आधी फुटतं ते पाणी. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतात. मूलक म्हणजे जोडीदार तुटलेला, कुणाला तरी धरायला धावणारा तुकडा. तो साखळीतला हायड्रोजन ओढतो आणि साखळी तिथे तुटते. हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांना परत जुळू देत नाही.

थोडं तुटून एवढा फरक? हो. गुंतलेल्या दाट द्रावणात साखळीची लांबी निम्मी झाली, की दाटपणा साधारण दहापट उतरतो. दिसायला जेल तसंच नितळ असतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, मापावं.

उपाय आहेत. गोठवून किरण द्यावेत, म्हणजे मूलकांना धावता येत नाही. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलावा. मॅनिटॉलसारखं काही घालावं, म्हणजे मार आधी ते खातं. पण मूलकांपासून जे साखळीला वाचवतं, ते जंतूंनाही थोडंफार वाचवतं. गोठलेले जंतू तर चांगलेच चिवट होतात. तेव्हा निर्जंतुकपणा त्याच थंडीत, त्याच मिश्रणात पुन्हा सिद्ध करावा लागतो. इथेच बरेच जण घसरतात.

दुसरी चूक मात्रेची. 25 हा किमान आकडा. खोक्याच्या एका कोपऱ्याला तेवढी मिळेपर्यंत दुसऱ्याला बरीच जास्त मिळालेली असते, आणि नमुना नेमका कमी मात्रेच्या कोपऱ्यातला तपासला जातो! मुळात जंतू कमी असतील, तर 15 किलोग्रेही पुरतात, असं चाचण्यांनी दाखवता येतं.

माझं मत विचाराल, तर किरण रिकाम्या सिरिंजांना द्यावेत आणि हायप्रोमेलोज ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, 121 अंशांवर ठेवावं. निपाणी-बेळगावला फार्मसी शिकणाऱ्या मुलांना एक सांगणं: गरम असताना ते पांढरं, गढूळ होऊन बाहेर येईल. बिघडलं म्हणून ओतून देऊ नका. गार होऊ द्या, हळूहळू हलवत राहा. ते पुन्हा विरघळतं.